युरोपची ऑर्डर, सीबॅमची शीट: गोव्यातल्या छोट्या युनिटनं सुरुवात कुठून करायची

कुंडई, वेर्णा, कुंकळ्ळी, डिचोली, कुठल्याही इस्टेटीत लोखंडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारं युनिट असेल आणि माल सरळ किंवा पुण्या-मुंबईच्या पार्टीमार्फत युरोपला जात असेल, तर एव्हाना मेलवर सीबॅमची, म्हणजे युरोपच्या कार्बनच्या कायद्याची, एक भलीमोठी एक्सेल शीट आली असेल, त्यात 'एम्बेडेड एमिशन्स' (माल बनताना निघालेला कार्बन), 'प्रीकर्सर', 'प्रॉडक्शन रूट' असले कॉलम आणि खाली लिहिलेलं की पंधरा दिवसांत भरून पाठवा. बऱ्याच ठिकाणी ती शीट सीएकडे जाते, सीए म्हणतो हे माझं काम नव्हे, मग कोणीतरी अंदाजाने दोन-चार आकडे टाकून परत पाठवतं. हा लेख त्या शीटसमोर पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसासाठी आहे, मग तो मालक असो, स्टोअर सांभाळणारा असो की नुकतीच एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला लागलेली मुलगी असो. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा: माल बनवताना किती कार्बन निघाला याचा तुमच्याकडे स्वतःचा आकडा नसेल तर दुसऱ्याने ठरवलेला आकडा तुमच्या मालाला लागतो, आणि तो बहुतेक वेळा महागात पडतो.

थोडं मागचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून ईटीएस नावाचं कार्बन मार्केट चालतं. मोठ्या कारखान्यांनी आणि वीज केंद्रांनी मिळून वर्षाला किती कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) हवेत सोडायचा याला कायद्याने मर्यादा आहे, आणि प्रत्येक टनासाठी एक परवाना लागतो जो विकत घेता येतो, विकताही येतो. मर्यादा दरवर्षी खाली येते म्हणून परवान्याला किंमत येते. पण पोलाद, सिमेंट वगैरे उद्योगांना त्यातले बरेच परवाने फुकट मिळत आले, कारण सरकारांना भीती होती की सगळे पैसे यांच्याकडून घेतले तर कारखाने उठून दुसऱ्या देशात जातील. आता ते फुकटचे परवाने २०२६ ते २०३४ या काळात हळूहळू बंद होतायत आणि त्याच्या जोडीला बाहेरून येणाऱ्या मालावरही तसाच खर्च बसवायचा म्हणून सीबॅम आलं, म्हणजे कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम. कायदा मे २०२३ मध्ये झाला, ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत फक्त रिपोर्टिंग होतं, आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशेब सुरू झाला.

पहिलं काम: कोड बघा, घाबरणं नंतर

सीबॅम सगळ्या मालाला लागत नाही. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज, एवढेच सहा प्रकार. त्यामुळे वेर्णाची फार्मा कंपनी, काजू पाठवणारे, मासळी पाठवणारे, यांना सीबॅम नाही. (मालवाहतुकीचा खर्च मात्र वेगळा, त्यावर खाली लिहिलंय.)

लोखंडातही सरसकट नाही. शिपिंग बिल उघडा आणि एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टमचा नंबर) बघा, पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन युरोपचे वेगळे असतात ते बायरकडून मागून घ्या. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर. ७२ चॅप्टरमधलं बहुतेक सगळं येतं, पिग आयर्न येतं, पण ७२०४ म्हणजे भंगार येत नाही. ७३ मध्ये पाइप, पाइप फिटिंग, स्ट्रक्चर, टाक्या येतात, ७३१८ म्हणजे नट-बोल्ट-स्क्रू येतात, ७३२६ म्हणजे 'इतर वस्तू' येतात आणि खरे गोंधळ या ७३२६ मध्येच होतात, कारण कुठे बसत नाही ते सगळं लोक तिथे टाकतात. ७३२५ म्हणजे कास्टिंगच्या वस्तू मात्र आजच्या यादीत नाहीत. म्हणजे एकाच शेडमधून निघालेल्या दोन वस्तूंपैकी एक आत आणि एक बाहेर असं होऊ शकतं. इतकी वर्षं सवयीने टाकत आलेला कोड खरंच बरोबर आहे का हे आत्ता एकदा कस्टम हाउस एजंटबरोबर बसून तपासा. पैसे वाचवायला कोड बदलायचा विचार मात्र करू नका, ती चुकीची माहिती देणं झालं आणि ते अंगाशी येतं.

आपल्याकडे खाणीचा विषय निघतोच, म्हणून तेही सांगतो. कच्चं खनिज, म्हणजे फाइन्स आणि लंप, सीबॅममध्ये नाही. पेलेट किंवा सिंटर केलेलं खनिज आहे. मुरगाव बंदरातून जे फाइन्स चीनकडे जातात त्यांचा या कायद्याशी सरळ संबंध नाही.

गाड्यांचे पार्ट, मशिनरी हे ८४, ८५, ८७ चॅप्टरवाले लोक सध्या बाहेर आहेत. पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपासून पुढे बनणाऱ्या साधारण १८० वस्तू २०२८ पासून आत घ्यायचा प्रस्ताव मांडलाय. प्रस्तावच आहे, कायदा नाही, तरी पुण्याच्या ऑटो कंपन्यांना माल देणाऱ्यांनी त्याकडे लक्ष ठेवावं.

दुसरं: बायर किती माल घेतो ते विचारा

२०२५ च्या शेवटी एक चांगली दुरुस्ती झाली. एखादा युरोपियन आयातदार वर्षभरात सीबॅमचा माल सगळा मिळून ५० टनांपेक्षा कमी आणत असेल तर त्याला यातून सूट (वीज आणि हायड्रोजन सोडून). लक्षात घ्या, हे ५० टन त्या आयातदाराचे आहेत, तुमचे नाहीत. तुम्ही त्याला आठ टन देत असाल, आणि तो तुर्कस्तानातून चारशे टन घेत असेल, तर तुमचे आठ टनही हिशेबात आले. म्हणून बायरला एका ओळीचा मेल टाका, तुम्ही ऑथराइज्ड सीबॅम डिक्लेरंट (सीबॅमचा माल आणायची परवानगी असलेले आयातदार) आहात का, की ५० टनांच्या खाली आहात. उत्तर 'खाली आहोत' असं आलं तर मेल फाइलला लावा आणि निवांत कामाला लागा. छोट्या बायरना माल देणारी कित्येक युनिटं या एका प्रश्नावर मोकळी होतील, तरी लोक आधी कन्सल्टंटला पैसे देतात, याचं वाईट वाटतं.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: कच्च्या मालाचे कागद

आता खरं काम. बोल्ट बनवणारं युनिट घ्या. वायर रॉडची कॉइल येते, ड्रॉइंग होतं, हेडिंग होतं, थ्रेड रोलिंग होतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग. यात तुमच्या शेडमध्ये जेवढा कार्बन निघतो तो थोडाच, मुख्य वजन त्या वायर रॉडमध्ये आधीच बसलेलं असतं, जिथे ते पोलाद वितळलं तिथलं. यालाच शीटमध्ये प्रीकर्सर म्हणतात.

कॉइलबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट येतं, एक पानाचं. वर मिलचं नाव, मग हीट नंबर (पोलाद ज्या खेपेत वितळवलं तिचा नंबर), कॉइल नंबर, ग्रेड, खाली कार्बन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस यांचे टक्के, शेवटी टेन्साइल आणि सही-शिक्का. त्यातला 'कार्बन' हा पोलादातला कार्बन, हवेत गेलेला नव्हे. नवीन मुलं हा आकडा शीटमध्ये टाकतात, तसं करू नका. उत्सर्जनाचा आकडा त्या पानावर बहुतेक नसतोच. पण हीट नंबर असतो, आणि तोच धागा आहे, त्यावरून माल कुठल्या मिलचा, कुठल्या प्लांटमधला हे सिद्ध करता येतं. तेव्हा आजपासून एक सवय लावा: कॉइल स्टोअरला उतरली की सर्टिफिकेटची कॉपी, आणि ती कॉइल कुठल्या जॉब कार्डला गेली त्याची नोंद, दोन्ही एकाच फाइलला. कॉइल कापून तुकडे झाले की टॅग हरवतो आणि मग कोणाला काही सांगता येत नाही.

मिलकडून काय मागायचं? तीन गोष्टी. पोलाद कुठल्या पद्धतीने बनलं (शीटमधला 'प्रॉडक्शन रूट' तो हाच), एका टनामागे किती टन कार्बन, आणि तो आकडा कोणी तपासलाय का. पद्धतीने फार फरक पडतो. ब्लास्ट फर्नेसचं पोलाद म्हणजे कोक, म्हणजे भरपूर कार्बन. कोळशावरच्या स्पाँज आयर्नमधून इंडक्शन फर्नेसला केलेलं पोलादही जडच असतं, आणि गोवा-बेळगाव-बळ्ळारी या पट्ट्यात ज्यांचा माल आपण घेतो त्यातला बराच या दोन प्रकारांतला. भंगारातून विजेवर वितळवलेल्या पोलादाचा थेट कार्बन त्यामानाने खूप कमी. भारताची सरासरी एका टन पोलादामागे अडीच टनांच्या आसपास धरली जाते. आपल्या पोलाद मंत्रालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केलीय: २.२ टनांच्या खाली असेल तर ग्रीन, आणि १.६ च्या खाली गेलं तर पाच स्टार. मिलकडे असं रेटिंग असेल तर सर्टिफिकेट मागून घ्या, सीबॅमचं मोजमाप वेगळं आहे त्यामुळे हा आकडा तसाच्या तसा शीटमध्ये चालत नाही, पण ती मिल मोजमाप ठेवते एवढं तरी कळतं.

ट्रेडरकडून माल घेत असाल तर अडचण होणार, ट्रेडर म्हणेल असले कागद आमच्याकडे नाहीत. परचेस ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: मिलचं नाव, हीट नंबर आणि उत्सर्जनाची माहिती दिल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही. एकट्या युनिटने सांगितलं तर ट्रेडर ऐकणार नाही हे खरं, म्हणून इस्टेटीतल्या चार-पाच जणांनी एकत्र येऊन, किंवा उद्योजकांच्या संघटनेमार्फत, एकाच मिलला एकच पत्र द्यावं. माझ्या मते संघटनांनी सेमिनार भरवण्यापेक्षा हे एक काम आधी करावं.

चौथं: स्वतःच्या शेडचा हिशेब

हे वाटतं तेवढं अवघड नाही. जनरेटरचं डिझेल, फर्नेसचा एलपीजी किंवा फर्नेस ऑइल, यांची बिलं महिन्याप्रमाणे लावा. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हजार लिटरला २.७ टन. एलपीजीला एका किलोमागे साधारण ३ किलो, म्हणजे १९ किलोच्या एका कमर्शियल सिलिंडरला ५७ किलोच्या घरात. विजेची बिलंही जपा, आपली वीज जवळपास सगळी बाहेरून ग्रिडवरून येते, आणि ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरतात. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमला २०२६ पासून विजेचा कार्बन पैशाच्या हिशेबात धरत नाहीत, सिमेंट आणि खतांना धरतात. तरी बायर विचारतात, त्यांना त्यांच्या वेगळ्या रिपोर्टसाठी लागतं, तेव्हा ठेवा.

पाचवं: पैसे किती, आणि 'अडीच टक्के' हा गैरसमज

इथे थांबून नीट वाचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की २०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचंय, घाबरायचं कारण नाही. तसं नाही.

अडीच टक्के हा आकडा युरोपातल्या कारखान्यांचे फुकटचे परवाने किती कमी झाले त्याचा आहे. हे फुकटचे परवाने एका बेंचमार्कवर ठरतात, म्हणजे त्या वस्तूचं चांगल्यापैकी स्वच्छ उत्पादन केलं तर किती कार्बन निघेल त्यावर. तुमच्या मालाला सूट मिळते ती या बेंचमार्कच्या ९७.५ टक्क्यांएवढी. बेंचमार्कच्या वरचं जे काही आहे ते पहिल्या वर्षापासून पूर्ण लागतं.

हिशेब करून बघू, आकडे फक्त समजायला धरलेत. १०० टन बोल्ट, प्रत्येक टनात २.५ टन कार्बन, बेंचमार्क १.५ समजा, आणि सीबॅम सर्टिफिकेटचा (एका टन कार्बनला एक घ्यावं लागतं) भाव ७५ युरो समजा. २०२६ मध्ये सूट १.५ च्या ९७.५ टक्के म्हणजे १.४६२५. उरले १.०३७५, गुणिले १०० टन, म्हणजे सुमारे १०४ सर्टिफिकेटं, म्हणजे साधारण ७,८०० युरो. तो व्हॉट्सअ‍ॅपवाला हिशेब धरला असता तर २५० चे अडीच टक्के, सहा सर्टिफिकेटं, पाचशे युरोही नाहीत. एवढा फरक. पुढे टक्केवारी वाढत जाते, २०२७ ला ५, २०२८ ला १०, २०२९ ला २२.५, आणि २०३० ला एकदम ४८.५, तेव्हा हाच माल सुमारे १७३ सर्टिफिकेटांवर जातो. २०३४ ला सूट शून्य, पूर्ण २५०.

आता त्याच वायर रॉडऐवजी १.५ टनवाला माल मिळाला तर? २०२६ मध्ये १०० टनांना चारसुद्धा सर्टिफिकेटं लागत नाहीत. म्हणजे कच्चा माल कुठल्या मिलचा यावर सगळं ठरतं, आणि रॉडचा दर टनाला दोन-तीन हजार रुपये जास्त असला तरी कदाचित तोच स्वस्त पडेल. हे गणित आपापल्या आकड्यांनी एकदा मांडून बघाच.

हे पैसे तुम्ही नाही भरत, युरोपमधला आयातदार भरतो. २०२६ च्या मालासाठी सर्टिफिकेटांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून, आणि वर्षाचं डिक्लरेशन ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. पण दर ठरवताना तो ते तुमच्याकडूनच वसूल करायला बघणार, हे सांगायला नको.

आकडा नसला तर काय?

तर डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे भारतातून येणाऱ्या त्या वस्तूसाठी युरोपने ठरवलेला आकडा, आणि त्यावर पोलाद-अ‍ॅल्युमिनियमला वर चढवलेले टक्के, २०२६ ला १०, २०२७ ला २०, २०२८ पासून ३०. खरा आकडा वापरायचा तर तो मान्यताप्राप्त व्हेरिफायरकडून तपासून घ्यावा लागतो, पहिल्या वेळी तो माणूस प्रत्यक्ष येऊन बघतो, आणि त्याची फी असते. म्हणून छोट्या युनिटला मी सरळ सांगेन, आधी दोन्ही हिशेब करा. वर्षाला पंधरा-वीस टनच जात असतील तर डिफॉल्ट घेतलेलं परवडू शकतं, व्हेरिफायरच्या फीमध्ये फायदा जाईल. शंभर टनांच्या वर असाल तर खरा आकडा मिळवायच्या मागे लागा.

हे सगळं न्याय्य आहे का, तर मला नाही वाटत. गेली दीडशे वर्षं ज्यांनी हवेत कार्बन सोडला त्यांनी आज कुंडईच्या वीस माणसांच्या वर्कशॉपकडे हिशेब मागायचा, आणि जमा झालेला पैसा मुख्यतः युरोपच्याच बजेटला जायचा, हे पॅरिस कराराच्या भावनेला धरून नाही. भारताने जागतिक व्यापार संघटनेत हा आक्षेप घेतलाय आणि तो घ्यायलाच हवा. पण भांडण सरकार भांडेल, तोवर कंटेनर जायचा थांबत नाही. आणि मुक्त व्यापार करारावर हवाला ठेवणाऱ्यांनाही सांगतो, करार कस्टम ड्यूटी कमी करतो, सीबॅम ही ड्यूटी नाही, तो वेगळा कायदा आहे.

भारतातलं कार्बन मार्केट: आपल्याला त्याचं काय?

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम, सीसीटीएस, जाहीर झाली. बीईई, म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा बचतीचा ब्युरो, ती चालवतो. युरोपसारखी एकूण मर्यादा नाही, एका टन उत्पादनामागे किती कार्बन यावर टार्गेट आहे. चांगलं केलं तर कार्बन क्रेडिटचं सर्टिफिकेट मिळतं, कमी पडलात तर विकत घ्यायचं, तेही नाही केलं तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि पल्प-पेपर यांतल्या २८२ मोठ्या प्लांटना टार्गेट लागली. इस्टेटीतल्या छोट्या युनिटवर ही सक्ती नाही.

संबंध येतो तो वजावटीचा. मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर सीबॅममधून तेवढी वजा होते. पण इथे मिल फक्त टार्गेटच्या वरच्या भागाचे पैसे भरणार, त्यामुळे वजावट मोठी निघेल अशा आशेवर दर देऊ नका.

आणि बाजारात जी ऐच्छिक कार्बन क्रेडिटं मिळतात ती घेऊन सीबॅम चुकत नाही. कोणी एजंट तसं सांगत असेल तर त्याला दाराबाहेर काढा. तसंच सत्तरी-सांगे-काणकोणकडे लोकांना सांगतात म्हणे की तुमच्या कुळागराचे (सुपारीच्या बागेचे), माडांचे क्रेडिट काढून देतो, रजिस्ट्रेशन फी तेवढी भरा. क्रेडिट मिळतं ते 'या पैशाशिवाय हे झालंच नसतं' असं दाखवता आलं तर. आजोबांच्या वेळेपासून उभ्या असलेल्या कुळागराबद्दल ते दाखवता येत नाही, आणि एक-दोन हेक्टरला मोजणी-तपासणीचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त होतो. सरकारचा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम पुन्हा तिसराच, त्यालाही कार्बन क्रेडिट समजू नका.

खर्च करायचाच तर तो मशीनवर करा. बीईईची अदिती (ADEETIE) योजना आहे, ऊर्जा वाचवणाऱ्या मशीनच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु युनिटना ५ टक्के, मध्यमला ३ टक्के व्याज सवलत. फर्नेस जुना असेल तर बँकेत विचारा.

फार्मा आणि मासळीवाल्यांसाठी दोन शब्द

सीबॅम नसलं तरी जहाजांना २०२४ पासून ईटीएस लागू झालंय, ५,००० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजांना. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचा अर्धा कार्बन धरतात, २०२४ चा ४० टक्के, २०२५ चा ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण. म्हणून न्हावा शेवाहून माल गेला की फ्रेटच्या बिलात ईटीएस सरचार्ज अशी वेगळी ओळ दिसते. सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा धरून) दर देत असाल तर ती धरा, आणि फॉरवर्डरला विचारा हा आकडा कसा काढला, कारण दोन शिपिंग लाइनचे सरचार्ज सारखे नसतात.

ब्रिटनला पाठवणाऱ्यांनो, त्यांचं स्वतःचं सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून आहे, मर्यादा टनांची नाही तर १२ महिन्यांत ५०,००० पौंडांची. जमवलेले कागद तेच उपयोगी पडतील.

ऑर्डर घेताना

दर द्यायच्या आधी बायरशी चार गोष्टी लेखी ठरवा: कार्बनचा खर्च कोणाचा, कुठल्या आकड्यावर मोजणार, व्हेरिफायरची फी कोण देणार, आणि तुमचा आकडा डिफॉल्टपेक्षा कमी निघाला तर त्याच्या फायद्यात तुमचा वाटा किती. हा चौथा मुद्दा लोक मागतच नाहीत. मागा. मेहनत तुम्ही केली, मिलच्या मागे तुम्ही लागलात, तर वाचलेले युरो सगळे हॅम्बुर्गच्या बायरकडे राहायचं कारण नाही. वर्षभराच्या करारात भाव तिमाहीला बदलता येईल असं कलम घाला, कारण २०२६ च्या सर्टिफिकेटची किंमत ईटीएस लिलावाच्या तिमाही सरासरीवर ठरते आणि २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीवर, आणि हा भाव कोणाच्याच हातात नाही.